मुलाचा स्वभाव मोजायचा कसा?

‘स्वभाव शांत’, ‘नेतृत्वगुण आहेत’, ‘मित्रांमध्ये मिसळतो’. राज्यातील शाळांत २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झाले आणि प्रगतिपत्रकात अशा वर्णनात्मक नोंदी आल्या. हेतू चांगला होता. मात्र भरगच्च वर्गात या नोंदी बऱ्याचदा तयार याद्यांमधून उतरवल्या जातात, हेही आता गुपित राहिलेले नाही. वास्तविक व्यक्तिमत्त्वमापन हा शैक्षणिक मानसशास्त्रातील अवघड भाग.

शिक्षकाला सर्वांत जवळची पद्धत निरीक्षणाची. चिकाटी, सहकार्य, नीटनेटकेपणा यांना एक ते पाच अशी श्रेणी द्यायची, ही तिची सोपी रीत. तिच्यातला मोठा दोष अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी १९२० मध्येच दाखवून दिला. लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या लोकांना दिलेल्या श्रेणी त्यांनी तपासल्या, तेव्हा शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या वेगवेगळ्या गुणांच्या श्रेणी संशय यावा इतक्या जुळत होत्या. एका गुणाची छाप बाकीच्यांवर पडते. वर्गातही सुंदर अक्षराचा मुलगा सहज प्रामाणिक ठरतो! यावर उपाय म्हणजे विशेषणाऐवजी प्रसंग लिहिणे. ‘सहकार्यशील’ असे न लिहिता, प्रयोगाच्या तासाला त्याने काय केले ते तारखेसह नोंदवायचे. अशा दहा-बारा नोंदी वर्षअखेरीस एकत्र वाचल्या, की सवय आणि योगायोग यांतला फरक दिसू लागतो.

निरीक्षणातून निसटलेले काही समाजमितीत सापडते. जेकब मोरेनो यांचे या तंत्रावरील पुस्तक १९३४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘शेजारी कोणाला बसवशील?’ असे प्रत्येक मुलाला खासगीत विचारायचे आणि उत्तरांचा आलेख काढायचा. ज्याचे नाव कोणीच घेतले नाही, ते मूल त्यात चटकन दिसते. प्रगतिपत्रकात कदाचित त्याचीच नोंद ‘शांत’ अशी असते.

प्रश्नावली भरून घेणे सोपे. पण मुले खऱ्यापेक्षा शोभणारे उत्तर देतात. त्यामुळे काही प्रश्नावल्यांत हा दिखाऊपणा पकडणारे प्रश्नही पेरलेले असतात. प्रक्षेपण तंत्रांत ही अडचण कमी. हर्मन रोर्शाक यांनी १९२१ मध्ये शाईच्या डागांची दहा पत्रे वापरली, तर लिओपोल्ड बेलाक यांनी १९४९ मध्ये लहान मुलांसाठी प्राण्यांची चित्रे आणली. चित्र पाहून मूल गोष्ट सांगते आणि नकळत स्वतःविषयी बोलते. मात्र त्या गोष्टीचा अर्थ लावणे हे प्रशिक्षित तज्ज्ञाचे काम असून, त्यांच्यातही मतभेद होतात.

बाजारातील झटपट चाचण्यांचा प्रकार निराळा. बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव आणि कल सांगण्याच्या दाव्याला शास्त्रीय आधार नाही. तरीही अहवाल वाचून पालकांना ‘अगदी आमचाच मुलगा’ असे वाटते. त्याचे कारण बर्ट्राम फोरर यांच्या १९४८ मधील प्रयोगात सापडते. त्यांनी ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचा स्वतंत्र अहवाल म्हणून एकच मजकूर दिला. तो बराचसा फलज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. अचूकतेला विद्यार्थ्यांनी पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले.

चाचणीचे पैसे भरण्यापूर्वी पालकांनी दोन प्रश्न जरूर विचारावेत. ती कोणत्या वयाच्या व कोणत्या भाषेच्या मुलांवर प्रमाणित केली आहे? आणि महिनाभराने पुन्हा घेतली, तर निष्कर्ष तोच येतो का?