ज्वारीच्या मुलखातील पोटाचे आरोग्य

सोलापूर जिल्ह्याच्या अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे दुधनी हे तुरीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. ज्वारीची भाकरी, तुरीची आमटी आणि शेंगाचटणी हा या पट्ट्यातील पारंपरिक आहार आतड्यांच्या दृष्टीने मुळातच समृद्ध आहे. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम तंतू, म्हणजे न पचता मलाला आकारमान व ओलावा देणारा वनस्पतिजन्य भाग, असतो, आणि भाकरीची जागा मैद्याचे पाव-बिस्किट घेऊ लागले की नेमका तोच घटतो.

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा, कुंथून व कठीण शौचास होणे आणि हे महिनोन्‌महिने चालणे याला जुनाट बद्धकोष्ठता म्हणतात. पोटदुखीसह कधी जुलाब, कधी मलावरोध असे आलटूनपालटून होत असेल, तर संवेदनशील आतड्याचा विकार संभवतो. या दुसऱ्या विकारात तंतू एकदम वाढवल्यास वायू धरतो, काहींना डाळीही सोसत नाहीत, म्हणून बदल हळूहळू करावा; इसबगोल भरपूर पाण्यासोबतच घ्यावा, कारण कोरडा घेतल्यास तो घशात अडकू शकतो.

थायरॉईडची कमतरता, मधुमेह, लोहाच्या व काही वेदनाशामक गोळ्या हीदेखील बद्धकोष्ठतेची कारणे असतात, ती आहाराने दूर होत नाहीत. शौचावाटे रक्त, विनाकारण घटणारे वजन, रक्तक्षय किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली सवय दिसल्यास घरगुती चूर्णांवर वेळ दवडणे धोक्याचे असून सोलापूरच्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी तातडीने करून घ्यावी.