पुठ्ठ्याच्या भिंती

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात रविवारचे साडेदहा वाजलेत. एचएसबीसी बँकेच्या उंच इमारतीखालचा तळमजला चहूबाजूंनी मोकळा आहे, आणि तिथे आज पाय ठेवायला जागा नाही. खोकी उलगडून उभ्या केलेल्या हातभर उंचीच्या भिंती आणि त्यांच्या आत दाटीवाटीनं बसलेल्या फिलिपिनो मोलकरणी. कुणी नखं रंगवतेय, कुणी मोबाइलवरून लेकराचा अभ्यास घेतेय. डब्यांतून भात आणि तळलेल्या मासळीचा वास येतोय. भिंतींबाहेर चपला मात्र ओळीनं काढून ठेवल्यात, जणू तिथे उंबराच आहे.

"आते!" कुणीतरी हाक मारतं आणि मी चमकून वळते. आमच्याकडे आत्याला अशीच हाक मारतात. तगालोगमध्ये 'आते' म्हणजे थोरली बहीण.

ही आते सरकून मला जागा करून देते. सोळा वर्षं ती इथे राबतेय. दर सात दिवसांत सलग 24 तासांची सुट्टी तिच्या हक्काची आहे. पण मालकाच्याच घरी राहायचं, ही 2003 पासूनची सक्ती. सुट्टीच्या दिवशी पाठ टेकायला स्वतःची खोली नाही, म्हणून हा पुठ्ठा.

"मालकीण बरी आहे का हो?"

"ही बरी आहे. पहिली हात उचलायची. मी फ्रीजशेजारी झोपायचे."

"मग नोकरी सोडली का नाही?"

ती दहा बोटं वर करते, मग आणखी चार. करार मुदतीआधी तुटला, तर 14 दिवसांत हाँगकाँग सोडायचं. 1987 पासून हा नियम आहे. छळाचा पुरावा दिला तर सवलत मिळू शकते. पण बंद दाराआडचा पुरावा आणायचा कुठून? डोक्यावर एजंटचं कर्ज होतं. तिनं दोन वर्षं दात आवळून काढली.

इतर परदेशी माणसांना सात वर्षांनी इथे कायमचं राहण्याचा हक्क मागता येतो. घरकामगारांना तो नाही, असं इथल्या सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये ठरवून टाकलं.

संध्याकाळी आते पुठ्ठ्याची घडी घालते, चपला पायांत सरकवते. नऊच्या आत पोचायचंय.

ही 14 दिवसांची अट रद्द झालीच पाहिजे. दुसरं काम शोधायला पुरेसा वेळ आणि मुभा मिळाली, तर पहिल्याच थपडेला बाई दार उघडून बाहेर पडेल.