विश्लेषण : विज्ञानकथा, भयकथा, रहस्यकथा... कादंबरी 'पटली नाही' हे वाचक ठरवतो कशावरून?

शिरूर तालुक्यातील कवठे येमाई हे तमाशाच्या परंपरेतले गाव. जवळच्याच जुन्नर तालुक्यात खोडदला 'जीएमआरटी' ही रेडिओ दुर्बीण आहे. अवकाशातून येणाऱ्या क्षीण रेडिओलहरी टिपण्यासाठी तिथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत. त्याच पट्ट्यात अंधार पडल्यावर उसाच्या फडाजवळून जाताना माणसे बिबट्याच्या धास्तीने मोठ्याने बोलत जातात. विज्ञान, भय आणि रहस्य असा सगळा कच्चा माल इथे आयता आहे. मात्र या तिन्हींवरच्या कादंबऱ्या मराठीत बहुतेकदा एकाच फळीवर, 'मनोरंजन' या एकाच चिठ्ठीखाली ठेवल्या जातात. परिणामी एका प्रकारची अपेक्षा दुसऱ्याकडून केली जाते आणि पुस्तक चांगले असूनही वाचक नाराज होतो.

तिन्ही प्रकारांत नेमका फरक काय?

तिन्हींमध्ये वाचकाला न दिसलेले काही तरी दाखवले जाते. फरक आहे तो लेखक वाचकाला कोणता शब्द देतो यात. विज्ञानकथेचा लेखक म्हणतो, 'एक गोष्ट गृहीत धर, पुढचे सगळे मी निसर्गनियमांनी पटवून देतो.' अद्भुत किंवा भयकथेचा लेखक निसर्गनियम बाजूला ठेवतो, पण स्वतःचे नियम घालून देतो आणि ते पाळायचे कबूल करतो. रहस्यकथेत काहीच गृहीत धरायचे नसते. जे घडले ते याच जगात घडले आणि त्याचे पुरावे पानांवर आहेत, एवढाच करार असतो. वाचक 'पटले नाही' म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा यापैकी कुठला तरी शब्द मोडलेला असतो. शेवट दुःखाचा होता, नायक मेला किंवा भाषा साधी होती, या तक्रारी त्यानंतरच्या.

'नारायण विनायक जगताप' कोण होते?

१९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. प्रत्यक्षात ते होते खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णू नारळीकर. त्यांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून हे नाव घेतले होते. अक्षर ओळखले जाऊ नये म्हणून कथा पत्नी मंगला नारळीकर यांच्या हस्ताक्षरात पाठवण्यात आली होती. नावाचे वजन बाजूला ठेवून कथा जोखली जावी, हा त्यामागचा हेतू. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत यांनी या नव्या प्रवाहाची दखल घेतली. लोकसाहित्यापासून निसर्गलेखनापर्यंत ज्यांचे वाचन पसरले होते, अशा वाचकाची ही पसंती विज्ञानकथेला बळ देणारी ठरली.

विज्ञानकथा खरी की नावापुरती, हे कसे ओळखायचे?

सोपी चाचणी अशी : कथेतून विज्ञान काढून टाका आणि काय उरते ते पाहा. अंतराळयानाच्या जागी एसटी आणि लेसर बंदुकीच्या जागी तलवार ठेवली तरी कथा तशीच चालत असेल, तर ती विज्ञानाचा अंगरखा घातलेली साहसकथा आहे. ती वाचू नये असे मुळीच नाही, फक्त तिला विज्ञानकथेचे गुण देऊ नयेत.

कृष्णविवराजवळ घड्याळ मंदावते, ही कल्पना या चाचणीला उतरते. गुरुत्वाकर्षण जिथे तीव्र, तिथे काळ सावकाश. ही केवळ कागदावरची गंमत नाही. जीपीएस उपग्रहांवर गुरुत्वाकर्षण कमी असल्याने तिथली घड्याळे पुढे धावतात आणि उपग्रहांच्या वेगामुळे काहीशी मागेही पडतात. दोन्हींचा हिशोब केल्यावर ती जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ही दुरुस्ती केली नाही, तर मोबाइलवरचे ठिकाण एका दिवसात सुमारे दहा किलोमीटरने चुकेल. कवठे येमाईचा पत्ता टाकलेला टेम्पो भलत्याच गावात पोहोचेल. म्हणजे जो नियम कथेत अंतराळवीराचे आयुष्य उलटेपालटे करतो, तोच खिशातल्या फोनमध्ये रोज काम करत असतो. असा धागा सापडला की वाचक पुढची अशक्य वाटणारी गोष्टही मान्य करतो.

नारळीकरांची 'धूमकेतू' ही कथा याहून पुढे जाते. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूला अणुस्फोटाने मार्गावरून ढकलले जाते. इकडे घरात संकट टळावे म्हणून यज्ञ होतो, आणि संकट टळल्यावर ते यज्ञामुळेच टळले अशी घरच्यांची खात्री पटते. वैज्ञानिक भाग बरोबर असणे ही कथेची अर्धीच बाजू. श्रेय कुणाच्या खात्यात जमा होते, हा खरा काटा आहे. प्रत्यक्षात 'नासा'च्या 'डार्ट' यानाने २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फस या सुमारे १६० मीटर व्यासाच्या लघुग्रहाला ताशी सुमारे २२ हजार किलोमीटर वेगाने धडक दिली. सोबतच्या मोठ्या लघुग्रहाभोवती त्याची फेरी ११ तास ५५ मिनिटांची होती, ती ११ तास २३ मिनिटांवर आली. ७३ सेकंदांचा फरक पडला तरी मोहीम यशस्वी मानली जाणार होती. कथेत अणुबॉम्ब होता, इथे नुसती टक्कर पुरली. पण 'फोडू नका, ढकला' हे तत्त्व एकच.

नारळीकरांच्या कथांतली माणसे पातळ असतात आणि समजावून सांगण्यासाठीच एकमेकांशी बोलतात, अशीही वाचकांची तक्रार असते. ती खोटी नाही. 'प्रेषित' किंवा 'वामन परत न आला' वाचताना कल्पना लक्षात राहते, पात्रांची नावे विसरतात. ही उणीव मान्य करूनही 'वामन' आज पुन्हा वाचण्याजोगी आहे. माणसापेक्षा हुशार यंत्र स्वतःची संख्या वाढवू लागले तर काय, हा प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेच्या दिवसांत तेव्हापेक्षा जवळचा झाला आहे.

भुताला नियम कशाला हवेत?

भूत खरे नसते, मग त्याच्या गोष्टीत तर्क कसला, असे अनेकांना वाटते. वस्तुस्थिती उलट आहे. जिथे निसर्गाचे नियम नाहीत, तिथे लेखकाने घातलेले नियम जास्तच कडक हवेत, नाही तर कधीही काहीही होऊ शकते. आणि काहीही होऊ शकते म्हटल्यावर भीती उरत नाही.

सर्वांनी पाहिलेले उदाहरण म्हणजे 'तुंबाड'. नारायण धारप यांच्या कथेचा काही आधार घेतलेला हा चित्रपट २०१८ मध्ये आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा प्रदर्शित झाल्यावर त्याने पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई केली. त्यात हस्तरला पिठाची भूक असते. एक बाहुली आत न्यायची, तो ती खाईपर्यंत मिळतील तेवढी नाणी घ्यायची आणि वर यायचे. नियम एवढाच. पुढे हाव वाढते, एका बाहुलीऐवजी अनेक नेल्या जातात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर समोर उभे राहतात. प्रेक्षक दचकतो, पण 'हे कुठून आले' असे विचारत नाही, कारण उत्तर त्याला आधीच सांगितलेले असते.

धारपांच्या 'समर्थ' मालिकेतही दुष्ट शक्तीला मर्यादा असतात, म्हणून सामना रंगतो. २०२५ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष होते. 'लुचाई' ही त्यांची गाजलेली कादंबरी स्टीफन किंगच्या १९७५ मधील 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे. पाश्चात्त्य गाव उचलून मराठी मातीत रुजवण्याचे कसब मोठे होते, यात शंका नाही. तरी आजच्या वाचकाची, मूळ पुस्तकाचे नाव पानावर ठळक असावे, ही अपेक्षा रास्तच म्हणावी लागेल.

भयकथेच्या बाबतीत शिरूर पट्ट्यातल्या वाचकाचा मुद्दा वेगळाही असू शकतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीने आली की बॅटरी घेऊन पाणी धरायला जावे लागते. याच तालुक्यातील पिंपरखेड-जांबुत परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बिबट्याच्या हल्ल्यांत तिघांचा बळी गेला. ज्याला अंधारातल्या खऱ्या धोक्याचा हिशोब रोज करावा लागतो, त्याला वाड्यात आपोआप वाजणारे दार फारसे घाबरवत नाही. त्याला शहरी वाड्यापेक्षा फडातली, विहिरीवरची, बांधावरची भयकथा हवी. तशी मराठीत कमीच लिहिली गेली आहे.

रहस्यकथेत लेखकाने फसवायचे नाही?

फसवायचे, पण लपवायचे नाही. १९२९ मध्ये रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यांचा गाभा असा, की गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, दैवी शक्ती चालणार नाही आणि गुप्तहेराला मिळालेला धागा वाचकालाही मिळाला पाहिजे. अगाथा ख्रिस्ती यांच्या १९२६ मधील 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'वरून 'ही फसवणूक आहे' असा वाद झाला होता. शेवट इथे सांगणे योग्य नाही. कादंबरी दुसऱ्यांदा वाचली, की सगळे समोरच होते हे लक्षात येते.

बाबूराव अर्नाळकर यांना मात्र ही मोजपट्टी लावणे अन्यायाचे ठरते. हजारावर पुस्तके लिहिणाऱ्या अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड हे नायक कोडी सोडवत बसत नाहीत. ते धावतात, वेष बदलतात, सुटका करतात. गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीपही त्याच कुळातला. या थरारकथा आहेत आणि त्यांचा करार वेगाचा आहे. पुढचे पान उलटावेसे वाटले नाही, तर लेखक नापास. सुहास शिरवळकर यांच्या रहस्यकथा या दोन्हींच्या मधे कुठे तरी बसतात.

आजच्या रहस्यलेखकापुढची अडचण तांत्रिक आहे. 'मोबाइलचे लोकेशन काढले आणि आरोपी सापडला' हे वाक्य आले की निम्मी कादंबरी संपते. खरे तर नुसत्या टॉवरवरून मिळणारे ठिकाण हा नकाशावरचा ठिपका नसतो. तो एक पट्टा असतो. शहरात टॉवर जवळजवळ असल्याने तो लहान असतो, ग्रामीण भागात एकच टॉवर कित्येक किलोमीटरचा परिसर सांभाळतो. म्हणजे कवठे येमाईसारख्या ठिकाणी फोन 'टॉवरखाली होता' यावरून माणूस वाडीवर होता, शेतात होता की बाजारात, हे सिद्ध होत नाही. ज्याला कथा रचायची आहे त्याला इथे भरपूर जागा आहे.

शेवट आधी कळला तर मजा जाते का?

तमाशाच्या वगाचा अनुभव तसे सांगत नाही. लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर (निधन २०२१) याच गावचे. त्यांनी तमाशा फडांसाठी वग आणि गीते लिहिली. ऐतिहासिक वगाचा शेवट बोर्डावरचे नाव वाचूनच प्रेक्षकाला ठाऊक असतो. तरी तो पहाटेपर्यंत बसून राहतो, कारण काय होणार यापेक्षा कसे होणार याची त्याला ओढ असते. विज्ञानकथा आणि भयकथा ही कसोटी बऱ्यापैकी पार करतात. केवळ खुनी कोण यावर उभी असलेली रहस्यकथा करत नाही. दुसऱ्या वाचनात टिकते ती ख्रिस्तीसारखी, जिच्यात धागे कसे पेरले हे पाहण्यातच गंमत असते.

या साहित्याला मान मिळाला का?

अर्धवट. २०२१ मध्ये नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. एका विज्ञानकथालेखकासाठी ही मोठी गोष्ट होती, प्रकृतीमुळे ते तिथे जाऊ मात्र शकले नाहीत. त्याआधी २०१४ मध्ये त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तो 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्राला. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अर्नाळकर, नाईक, धारप यांनी गावोगावच्या वाचनालयांतून हजारोंना वाचायची सवय लावली, पण अशा मोठ्या पुरस्कारांच्या चर्चेत त्यांची नावे क्वचितच आली.

सुरुवात कुठून करावी?

शाळकरी वाचकाने भा. रा. भागवत यांच्या 'फास्टर फेणे'पासून. हा बन्या मूळचा पुण्याजवळच्या फुरसुंगीचा, त्यामुळे शिरूरच्या मुलांना तो परका वाटणार नाही. त्यानंतर नारळीकरांचा 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह, कारण त्यांच्या कादंबऱ्यांपेक्षा कथा जास्त नेटक्या आहेत. भीती वाटून घ्यायची असेल तर धारपांचे 'समर्थ'. अर्नाळकर जुन्या वाचनालयात कपाटाच्या तळाशी सापडतील, बऱ्याचदा शेवटचे पान नसलेले.