जाम झालेला शॉकअप : जोर नको, दम धरा

आज आपण बोलणार आहोत मोटारसायकलच्या शॉकअपविषयी. हसू नका! आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतः गाडी चालवून डेअरीला दूध घालतात, बाजाराला भाजी नेतात. गाडी आपली, तर तिचं दुखणंही आपल्याला कळायला हवं.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गटातल्या एका ताईंच्या गाडीला दोन्ही बाजूंना वीस-वीस लिटरचे कॅन असायचे. ४० लिटर दुधाचंच वजन ४१ किलो भरतं, कॅनचं वेगळं. खड्डा आला की मागून धाडकन आवाज यायचा. एक दिवस वळणावर मागचं चाक उसळलं आणि गाडी आडवी झाली. सगळं दूध सांडलं, गुडघा सोलला, पण ताई थोडक्यात वाचल्या. बघितलं तर शॉकअप सगळ्यात मऊ पायरीवर आणि फिरवायची रिंग गंजून घट्ट बसलेली. गॅरेजवाले म्हणाले, दोन्ही नवीन टाका. आम्ही म्हटलं, आधी दोन दिवस प्रयत्न करून बघू.

ही रिंग काय करते ते आधी समजून घेऊ. मागच्या शॉकअपच्या स्प्रिंगखाली, काही गाड्यांना वरच्या बाजूला, एक खाचांची रिंग असते. बऱ्याच गाड्यांना तिच्या पाच पायऱ्या असतात. रिंग फिरवली की ती पायरी चढते आणि स्प्रिंग आणखी दाबून धरते. एकटं माणूस असेल तर खालची पायरी, मागे कुणी बसलं किंवा ओझं असलं तर वरची. ही सोय सगळ्याच गाड्यांना नसते, म्हणून आधी वाकून बघा.

रिंग जाम का होते? लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज चढतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, त्यामुळे फटीत पाचर मारल्यासारखा बसतो. त्यात चिखल, खडे. कोकणातल्या मैत्रिणींकडे तर मासळीच्या टोपलीतून खारं पाणी गळतं, तिथे गंज आणखी लवकर धरतो.

आता सोडवायची कशी? गाडी थंड होऊ द्या. सपाट, टणक जागेवर मेन स्टँडवर लावा, म्हणजे मागचं चाक उचललेलं राहील. पुढच्या चाकाला विटा लावा. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात रिंग घासा, खाचांतले खडे काडीने काढा, कोरडं पुसा. मग टायर आणि ब्रेकचा ड्रम प्लास्टिकने झाका. तेल ब्रेकमध्ये गेलं तर ब्रेक लागणार नाही. हे विसरू नका.

आता गंज सोडवायचं तेल रिंगच्या फटीत थेंब-थेंब सोडा. संध्याकाळी एकदा, सकाळी एकदा, पुन्हा संध्याकाळी. तेलाला आत झिरपायला वेळ लागतो. मधून मधून रिंगच्या भोवती लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोका, म्हणजे गंजाला भेगा पडतात.

मग गाडीच्या टूलकिटमधला वाकड्या तोंडाचा हूक पाना खाचेत नीट बसवा. रिंग मधल्या पायरीवर असेल तर आधी मऊ बाजूला फिरवा. तिकडे स्प्रिंगच मदत करते. सगळ्यात खालच्या पायरीवर असेल तर एकाच बाजूला फिरेल, उलट्या बाजूला ओढू नका. झटका न देता सावकाश जोर लावा. केसभर हलली की थोडं मागे, थोडं पुढे, पुन्हा तेल. ताईंची डावी रिंग दुसऱ्या दिवशी सुटली, उजवी तिसऱ्या दिवशी.

सुटल्यावर जास्तीचं तेल पुसा, वायर ब्रशने गंज काढा, ग्रीसचा पातळ हात द्या. दोन्ही बाजू एकाच पायरीवर ठेवा, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते.

काही गोष्टी मात्र अजिबात करू नका. रिंगला ज्योत लावू नका. शॉकअपमध्ये तेल असतं, काहींत दाबाचा वायूही असतो, तो फुटू शकतो. छिन्नी-हातोड्याने मारू नका, खाच तुटते. शॉकअप खोलू नका, दाबलेली स्प्रिंग उसळून हात मोडेल. दांडीवर तेल ओघळलेलं दिसलं, दांडी वाकली असेल किंवा स्प्रिंगला चीर असेल, तर घरचा उपाय थांबवा आणि मेकॅनिककडे जा. तिथे नवीन टाकणंच बरोबर.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं. वरच्या पायरीवर ठेवली म्हणून गाडी जास्त ओझं पेलत नाही. चालवणारी, मागे बसणारी आणि माल मिळून किती वजन चालतं, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्यापेक्षा जास्त असेल तर दोन फेऱ्या करा. एक फेरी वाचवायला गेलो आणि गुडघा मोडला, तर दूध कोण घालणार?

आमच्या गटात आता एक हूक पाना आणि तेलाची बाटली ठेवली आहे. महिन्याच्या बचतीच्या बैठकीला गाडीवरून येणारी प्रत्येक जण आधी रिंग एकेक पायरी फिरवून बघते. जी रिंग हलती राहते, ती सहसा जाम होत नाही.