उपाधी नव्हे, काम

घाटकोपरच्या पेढ्यांत ‘मॅनेजर’ हा शब्द आपण फार उदारपणे वापरतो. गल्ला सांभाळणाराही मॅनेजर आणि माल मोजून घेणाराही मॅनेजर. ब्रिटनच्या स्किल्ड वर्कर व्हिसासाठी मात्र उपाधी नव्हे, प्रत्यक्ष काम पाहिले जाते. प्रत्येक व्यवसायाला तेथे चार अंकी संकेतांक आहे. सनदी लेखापालाचा २४२१, तर जमाखर्च लिहिणाऱ्या मेहताजींचा ४१२२. दोघांपुढे वह्या त्याच, तरी दर्जा निराळा. २२ जुलै २०२५ पासून, तात्पुरत्या यादीतील अपवाद वगळता, नव्या अर्जदाराचे काम पदवीच्या तोडीचे असावे लागते. वेतनाची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड, आणि त्या व्यवसायाचा ठरलेला दर अधिक असल्यास तो.

लंडनचे काका पुतण्याला आपल्या कंपनीत बोलावतात, तेव्हा खरी कसोटी लागते. कंपनीकडे प्रायोजक-परवाना हवाच. शिवाय केवळ पुतण्याला आणण्यासाठी जागा निर्माण केली असे अधिकाऱ्याला वाटले, तर अर्ज फेटाळला जातो. नाते लपवणे हा तर शुद्ध अविचार! फसवणूक ठरल्यास पुढील अर्जही दहा वर्षांपर्यंत नाकारले जाऊ शकतात. म्हणून प्रायोजकत्व-प्रमाणपत्र निघण्यापूर्वीच त्यातील संकेतांक मागून घ्यावा आणि त्याचे अधिकृत वर्णन मुलाच्या रोजच्या कामाशी ओळीओळीने ताडून पाहावे.