शूबर्टची ए मेजर सोनाटा: दोन वादकांची तालीम

फ्रान्झ शूबर्टने पियानो आणि व्हायोलिनसाठी ए मेजरमधली सोनाटा (डी. ५७४) ऑगस्ट १८१७ मध्ये लिहिली, तेव्हा तो २० वर्षांचा होता. ती छापली गेली १८५१ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर २३ वर्षांनी, आणि ‘दुओ’ या नावाने. हे नाव शूबर्टचे नव्हे, प्रकाशकाचे. पण रचनेला ते शोभते. जुन्या सोनाटांमध्ये पियानो मुख्य आणि व्हायोलिन साथीला असे. शूबर्टच्याच १८१६ च्या तीन सोनाटांवरही त्या रीतीची छाया आहे. इथे मात्र दोघांचा मान सारखा आहे, आणि तालमीत सगळ्यात जास्त वेळ तो सांभाळण्यातच जातो.

पहिला भाग पियानो एकटाच सुरू करतो. हळू आवाजातली, लांब-आखूड स्वरांची चाल. चार मापे झाली की तिच्यावर व्हायोलिनची लांब धून उतरते. पुढची लय पियानोवादकाच्या या चार मापांवरच ठरते. ती जड झाली तर धून ओढल्यासारखी वाटते, घाईत गेली तर व्हायोलिनवादकाला गज सावकाश ओढायला जागाच राहत नाही. म्हणून ही सुरुवात पुन्हा पुन्हा वाजवून पाहिली जाते. पियानोवादकासमोर दोन्ही वाद्यांची स्वरलिपी असते, व्हायोलिनवादकासमोर बहुधा फक्त स्वतःची. त्यामुळे त्याला पियानोचा डावा हात कानानेच धरून ठेवावा लागतो.

आवाजाचा तोल हा वेगळा प्रश्न आहे. शूबर्टच्या काळातल्या व्हिएन्नाच्या पियानोची चौकट लाकडी, हातोड्या चामड्याने मढवलेल्या आणि पट्ट्या हलक्या असत. स्वर लवकर विरे. आजच्या पियानोला लोखंडी चौकट असते आणि त्याचे खालचे स्वर भरदार, रेंगाळणारे असतात. ते व्हायोलिनच्या मधल्या तारांना सहज झाकतात. यावर झाकण कमी उघडणे हा उपाय अपुरा आहे. पेडल जपून वापरणे आणि डावा हात हलका ठेवणे, हाच खरा इलाज.

दुसरा भाग स्केर्त्झो, ई मेजरमध्ये, अतिजलद. उसळत्या स्वरांनंतर अचानक येणारे थांबे दोघांनी एकाच क्षणी सोडावे लागतात. अवघड जागा त्याच. मधला त्रिओ सी मेजरमध्ये आहे. तिथे व्हायोलिन अर्ध्या-अर्ध्या स्वराने सरकते, म्हणून सुरेलपणाची कसोटी लागते.

तिसरा भाग, आंदान्तिनो, तोच सी मेजर पुढे चालवतो. साधी दिसणारी ही धून कुठल्या कुठे वळणे घेते, आणि दर वळणावर स्वराचा रंग बदलावा लागतो. शूबर्टचे गीतकारपण इथे सर्वांत स्पष्ट ऐकू येते.

शेवटचा भाग पुन्हा ए मेजरमध्ये, तीन मात्रांच्या झपाट्यात जातो. त्याची सुरुवातीची झेप स्केर्त्झोची आठवण देते, मात्र पुढे वॉल्ट्झचा डौल येतो. पहिल्या मात्रेवर दर वेळी जोर दिला की हा डौल मोडतो. म्हणून अनुभवी वादक चार-चार मापांचा एक श्वास धरून तो वाजवतात.