राम जोश्यांचा फड: पुण्याच्या अलीकडची वर्षे

फड एकदा नावारूपाला आला म्हणजे त्याची हकीकत सांगायला तोंडे पुष्कळ मिळतात. परंतु तो उभा राहत असताना कोणी घरच्यांचा रोष पत्करला, कोणाच्या ओसरीवर पहिला डफ वाजला आणि बिदागीची खात्री नसताना किती गावे पालथी घातली, हा मजकूर सहसा दप्तरी दाखल होत नाही. लिव्हरपूलच्या बीटल्स मंडळींनीही १९६२ साली त्यांची पहिली तबकडी गाजण्यापूर्वी हांबुर्गच्या गुत्त्यांत रात्री जागवून गळे तयार केले होते. सोलापूरच्या राम जोश्यांची कथा त्याच जातीची, मात्र पावणेदोनशे वर्षे आधीची आहे.

राम जगन्नाथ जोशी यांचा जन्म सुमारे १७६२ साली, सोलापुरातील एका वेदसंपन्न घराण्यात झाला. सिद्धेश्वराच्या तळ्याकाठच्या या गावात मराठी, कानडी आणि दखनी या भाषा एकाच पेठेत नांदत असल्यामुळे पुढे संस्कृत, मराठी, कानडी आणि हिंदुस्थानी यांची सरमिसळ करून लावणी रचण्याचे जे नवल त्यांच्या नावावर जमा झाले, त्याचे बीज शाळेपेक्षा बाजारातच पडले असावे, असे मला वाटते. त्याच गावी धोंडी शाहिराचा फड होता. पोथी सोडून मुलगा त्या फडात जाऊन बसू लागला, कवने जुळवू लागला, आणि थोरले बंधू मुद्गल जोशी यांनी कुळाच्या अब्रूसाठी त्याला घराबाहेर काढले, असे परंपरा सांगते. बंधूंना दोष देण्याचे कारण नाही. तमाशाच्या बोर्डावर उभा राहणारा ब्राह्मण म्हणजे त्या काळी वाळीत पडण्याचीच तयारी.

फडात त्या मुलाने काय पाहिले असेल? खेळाआधी मूठभर कडब्याचा जाळ करून त्यावर डफाचे चामडे शेकायचे, टिचकी मारून नाद तपासायचा, पुन्हा शेकायचे. तुणतुणे म्हणजे बुडाला चामडे मढवलेला पोकळ लाकडी डबा, आणि त्यातून वर दांडीच्या खुंटीपर्यंत ताणलेली एकच तार. पण म्होरक्याचा सूर ढळू न देण्याची जोखीम तिच्यावर. म्होरक्याने चरण सोडला की मागचे सुरते ‘जी जी’ करीत ध्रुपद उचलणार, तेवढ्यात तो दम घेणार आणि ढोलकीवाला तोडा वाजवून पुढच्या चरणाची वाट मोकळी करणार. आठ मात्रांच्या त्या आवर्तनात शब्द अडखळला तर प्रेक्षक क्षमा करीत नाही. तिथे व्याकरणाची सबब चालत नाही.

घर सुटले ते पंढरपूरला नेणारे ठरले. तेथे बाबा पाध्ये यांच्यापाशी त्यांनी काव्यशास्त्राचे अध्ययन केले. ‘धर्मसिंधु’ हा आचारधर्माचा प्रमाणग्रंथ लिहिणारे काशीनाथ उपाध्याय ते हेच, म्हणजे ज्यांच्या ग्रंथावर घरोघरची सोवळी-ओवळी ठरत, त्यांच्याच शिष्याने पुढे लावणीचा फड उभारला. विद्या घेऊन ते पुराण-कीर्तनाकडे वळले आणि पुन्हा डफाकडे आले. हे येणेजाणे म्हणजे चंचलपणा, असे म्हणणारे म्हणोत. मला तर त्यांच्या फडाची खरी उमेदवारी हीच दिसते. यमक आणि अनुप्रास यांची पंढरपुरी शिस्त धोंडीच्या फडातल्या ठेक्यावर बसवल्यावाचून त्यांची लावणी लावणी झाली नसती. समकालीन फडांत होनाजी गवळी होता, बाळा शिंपी होता, सगनभाऊ शिकलगार होता, संगमनेरचे अनंत फंदी तर ब्राह्मणच होते. तेव्हा राम जोश्यांचे वेगळेपण जातीत नव्हते, या दुहेरी तालमीत होते.

बारामतीच्या मोरोपंतांशी त्यांची गाठ पडली, त्यांच्या आर्यांनी ते भारले गेले आणि कीर्तनांतून त्या गाऊ लागले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. ऐकीव कथांत मात्र तमाशा, पुण्याचे वैभव आणि मग उपरती असा सोयीचा क्रम लावलेला असतो. पण मोरोपंत १७९४ साली निवर्तले आणि दुसऱ्या बाजीरावाला पेशवाईची वस्त्रे मिळाली ती १७९६च्या डिसेंबरात. म्हणजे पंतांची भेट घडली असेल तर ती या पेशव्याच्या दरबारी मान मिळण्याच्या आधीचीच. डफ आणि वीणा ही वाद्ये त्यांच्या आयुष्यात एकामागून एक आली नाहीत. दोन्ही एकाच वेळी खांद्यावर होती.

पुढे पुण्यात बाजीरावाने त्यांचा फड ऐकला, शास्त्री मंडळींनाही कान देणे भाग पडले आणि त्यांची कवने पेठापेठांतून फिरू लागली. १८१२च्या सुमारास पुण्यातच त्यांचे देहावसान झाले. १९४७ साली राजकमलने काढलेल्या ‘लोकशाहीर राम जोशी’ या बोलपटात जयराम शिलेदारांनी त्यांना आणि हंसा वाडकरांनी तमाशातील नर्तकी बयेला पडद्यावर आणले, तेव्हापासून बहुतेकांच्या मनात राम जोशी म्हटले की हाच बोलपट उभा राहतो. धोंडी शाहिराच्या नावाने मात्र कोणी बोलपट काढला नाही. वास्तविक राम जोश्यांच्या फडाचा जमाखर्च मांडायचा तर पहिली रक्कम त्याच्याच खाती जमा करावी लागेल.